डहाणू लोकलमधलं ‘व्हायरल’

वैतरण्याला डहाणू लोकलमध्ये चढून पालघरला कॉलेजला किंवा बोईसरला जॉबला जात असाल, तर पावसाळ्यातला हा सल्ला तुम्ही शंभरदा ऐकला असेल: ‘व्हायरल आहे रे, मेडिकलमधून अँटिबायोटिक घे, उद्या टकाटक!’

थांबा. अँटिबायोटिक मारतं जीवाणूंना. फ्लू होतो विषाणूमुळे. त्यामुळे घरात उरलेल्या त्या दोन-तीन गोळ्या फ्लूचं काहीच वाकडं करू शकत नाहीत.

मग फ्लूवर औषधच नाही? आहे. ते कसं चालतं, हे ‘एच१एन१’ या नावातूनच कळतं. ‘एच’ आणि ‘एन’ ही विषाणूच्या आवरणावरची दोन प्रथिनं. ‘एच’मुळे तो नाक-घशातल्या पेशीला चिकटून आत शिरतो आणि स्वतःच्या ढीगभर प्रती काढतो. ‘एन’ कात्रीसारखं काम करून या नव्या विषाणूंना पेशीपासून मोकळं करतं. ऑसेल्टामिविर हे औषध ही कात्रीच अडवतं. म्हणून लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केलं, तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. अर्थात, डॉक्टरांनी सांगितलं तरच.

२००९ आठवतंय? तुम्ही तेव्हा लहान असाल. ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी. नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. तोच विषाणू आज हंगामी फ्लूचा भाग झालाय.

म्हणून प्रत्येकाने टेस्ट करायची का? नाही. सौम्य ताप-खोकल्याला पॅरासिटामॉल, आराम आणि भरपूर पाणी पुरतं. ताप हटत नसेल तर डॉक्टरकडे जा. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यूही असतो. धाप लागणं, छातीत दुखणं, गुंगी येणं, ओठ-नखं निळसर पडणं यातलं काहीही दिसलं, तर थेट हॉस्पिटल गाठा. तिथे नाक-घशातला स्वॅब घेऊन आरटी-पीसीआर करतात. घरातली आजी, गरोदर वहिनी किंवा दमा-डायबिटीस असलेलं कोणी तापलं, तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अशांना रिपोर्ट येण्याआधीही औषध सुरू करता येतं.

आणि हो, लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच फ्लू पसरायला लागतो. म्हणून ताप आला की घरीच थांबा, नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर मिळतील. निघावंच लागलं तर मास्क लावा. डब्यात तुम्हाला खेटून उभा असलेल्याच्या घरीही आजी असते.