शेतातून फायबर केबल जाणार असेल तर... नवा दूरसंचार कायदा काय सांगतो?

ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून फोटो काढायचा आणि रेंज मिळेना म्हणून तो अपलोड करायला फाट्यावर जायचे, हे अनेक गावांत दर हंगामात घडते. पीकपेऱ्याची नोंद राहिली की हमीभाव केंद्रावरची नोंदणी अडते. महाडीबीटीचा अर्ज असो की हवामानाचा इशारा, इंटरनेट आता शेतीच्या निविष्ठांपैकीच एक झाले आहे. ते गावात आणणारी केबल कोणाच्या तरी जमिनीतून जाते. त्यामुळे या विषयातला कायदा शेतकऱ्यांनाही माहीत असावा.

जुना कायदा, नवा कायदा

२०२३ पर्यंत या क्षेत्राचा मुख्य कायदा १८८५ चा भारतीय तार कायदा हाच होता. तारखाते बंद झाले, कायदा मात्र राहिला. त्या कायद्यात खासगी जमिनीतून तार नेता येत असे; नुकसान कमीत कमी करावे आणि झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी, एवढेच बंधन होते. संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम, २०२३ मंजूर केला. त्यातील मार्गाधिकाराच्या, म्हणजे केबल किंवा टॉवरसाठी जागा वापरण्याच्या तरतुदी २६ जून २०२४ पासून लागू झाल्या. त्याखालचे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आले.

खासगी जमिनीबाबत आता पद्धत अशी आहे : कंपनीने मालकाकडे अर्ज करायचा, दोघांनी मोबदला ठरवायचा आणि करार करायचा. करार झाला तरी कंपनीला मिळतो तो फक्त वापराचा हक्क. जमिनीची मालकी शेतकऱ्याचीच राहते. मात्र एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. मालकाने नकार दिला आणि केंद्र सरकारला ती वाट सार्वजनिक हितासाठी आवश्यक वाटली, तर सरकार स्वतः किंवा नेमलेल्या प्राधिकरणामार्फत मार्गाधिकार मिळवून देऊ शकते. म्हणून नुसते ‘नाही’ म्हणून बसण्यापेक्षा आपल्या अटी लेखी मांडणे शहाणपणाचे. भरपाईवरून वाद झाला, तर तो जिल्हा न्यायाधीशांकडे नेता येतो.

चर खोदताना

बहुतेक केबल रस्त्याच्या कडेने जाते. ती शेतातून जाणारच असेल, तर करारात गट क्रमांक, चराची लांबी-रुंदी, खोली आणि उभ्या पिकाची भरपाई स्पष्ट लिहून घ्यावी. काम सुरू होण्यापूर्वीचे फोटो तारखेसह ठेवावेत. मार्गाचा नकाशा मागून घ्यावा. तो चार वर्षांनी उपयोगी पडतो.

मातीकडे विशेष लक्ष द्यावे. वरचा सुपीक थर आणि खालची माती किंवा मुरूम यांचे ढीग वेगळे ठेवून त्याच क्रमाने भरायला सांगावे. ठेकेदाराला घाई असते. मुरूम वर आला की त्या पट्ट्यात दोन-तीन हंगाम पीक खुरटते. काळ्या जमिनीत बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो आणि तिथे पाणी साचते, म्हणून पावसाळ्यानंतर पुन्हा भर टाकण्याची अट घालावी.

साध्या जमिनीत केबल साधारण १.६५ मीटर खोल टाकण्याचे मानक आहे. खडकाळ भागात ती बरीच वर राहते. नांगरट किंवा सबसॉयलर या खोलीपर्यंत जात नाही. पण क्षारपड जमिनीतील भूमिगत निचरा पाइप १ ते १.५ मीटरवर असतात, आणि चर त्यांच्या आडवा गेला तर पाइप तुटतात. सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठच्या भागात याची आधीच खूण करून द्यावी. पुढे आपणच शेततळे किंवा पाइपलाइनसाठी जेसीबी लावणार असू, तर मार्च २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर आधी सूचना द्यावी. दूरसंचार जाळे तोडल्यास भरपाई आणि दंड या कायद्यात आहे.

पैसा कोठून येतो?

ग्रामीण जोडणीसाठीचा जुना सार्वत्रिक सेवा निधी आता ‘डिजिटल भारत निधी’ झाला आहे. तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारातून उभा राहतो, म्हणजे शेवटी आपल्या रिचार्जमधूनच. भारतनेट यातूनच चालते. ऑगस्ट २०२३ मध्ये या योजनेच्या सुधारित टप्प्याला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले.

या टप्प्यातला महत्त्वाचा बदल जाळ्याच्या रचनेत आहे. आधीची जोडणी एकाच टोकाने पाणी मिळणाऱ्या ठिबकच्या नळीसारखी होती. मध्ये तुटली की पुढची सगळी गावे कोरडी. आता कडे पद्धत आहे. एका बाजूला तुटले तरी दुसऱ्या बाजूने पुरवठा सुरू राहतो. स्वतंत्र ग्रामपंचायत नसलेल्या गावांनाही मागणीनुसार जोडणी देण्याची तरतूद आहे. अशा गावांनी मागणी ग्रामसभेच्या ठरावात घ्यावी. कृषी सहायकांनीही हा विषय गावबैठकीत मांडावा.

स्वस्त म्हणजे किती?

इथे आपला कायदा गप्प आहे. केबल कुठून न्यावी, पैसा कोठून आणावा हे त्यात आहे, पण गरीब कुटुंबाला जोडणी किती रुपयांत मिळावी हे नाही. इंटरनेटचे दर कंपन्याच ठरवतात, ‘ट्राय’ नजर ठेवते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये वेगळा मार्ग धरला. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना २५ एमबीपीएस जोडणी महिना १५ डॉलरच्या आत किंवा २०० एमबीपीएस २० डॉलरच्या आत देणे त्या राज्याने कंपन्यांना बंधनकारक केले. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला आणि जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला. २० हजारांपेक्षा कमी कुटुंबांना सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांना त्यातून सूट मिळू शकते. आपल्याकडे तशी दरमर्यादा येईपर्यंत घरची जोडणी घेताना मासिक दरासोबत राउटर आणि बसवणीचा खर्च, तसेच बिघाड किती दिवसांत दुरुस्त होणार हे आधीच लेखी विचारून घ्यावे.