साब्रा स्पोर्ट चढावर अडते तेव्हा

हैफाच्या ऑटोकार्स कारखान्याने इंग्लंडमधील रिलायंटच्या साहाय्याने घडविलेली ‘साब्रा स्पोर्ट’ १९६१ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झळकली. काया फायबरग्लासची, इंजिन फोर्डचे, १७०३ घनसेंटिमीटरचे. हौशी मंडळींनी जपलेली अशी गाडी कार्मेलच्या चढावर आचके देऊन थांबते व अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते, तेव्हा मालक प्रथम कार्बुरेटर उघडतो. येथेच घोटाळा होतो.

पेट्रोलचा माग टाकीपासून घ्यावा. गाडी थांबताच टाकीचे झाकण सैल करावे. हवा सूं करीत आत शिरली, तर झाकणाचे छिद्र बुजलेले असून दुरुस्ती एका सुईची आहे. काट्यावर विसंबू नये. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून टाकीतील मापकास अर्थिंगची वेगळी तार लागते. ती गंजली की काटा खोटे बोलतो.

पंपाआधीची रबरी नळी चिरली असेल, तर पेट्रोल न गळताही ती हवा ओढते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबर आतून झिजते, बाहेरून मात्र धडधाकट दिसते.

इंजिन निवाल्यावर कॉइलची तार काढावी, कार्बुरेटरकडील नळी बाटलीत धरावी व स्टार्टर फिरवावा. भरघोस धार पडली, तर पंप निर्दोष. अग्निशामक मात्र हाताशी हवाच. ‘सुसिता’ची काया उंट खातात ही थट्टा वाचकांनी ऐकलीच असेल, खरा वैरी उंट नव्हे, अग्नी.

धार चांगली असूनही गाडी तापल्यावर अडते? मग सर्व नळ्या जोडून, अडल्या क्षणीच प्लगची ठिणगी पाहावी. ठिणगी असेल, तर नळीत पेट्रोलची वाफ होत असावी. नसेल, तर कॉइल व कंडेन्सर तपासावेत.