रेवदंड्यात भेटलेले जगताप

अप्रेझलमध्ये माझं प्रेझेंटेशन दुसऱ्याच्याच नावावर जमा झालं. मूड काय असेल, तुम्हाला सांगायला नको. शनिवारी लॅपटॉप घरी टाकला, मांडव्याची लाँच पकडली, अलिबागहून एसटीने थेट रेवदंडा. सॅकमध्ये एकच पुस्तक, जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'.

किल्ल्याच्या तटाला टेकून वाचायला बसले आणि आठवले नारायण विनायक जगताप. कोण हे? १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर'ला पहिलं बक्षीस मिळालं, ते या जगतापांना. आद्याक्षरं उलटी वाचा, 'जविना' सापडतील! केंब्रिजचे डॉक्टरेट, टीआयएफआरमधले नामवंत प्राध्यापक, पद्मभूषण. नाव दिसलं असतं तर परीक्षक दबले असते. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा उतरवून काढली पत्नी मंगलाताईंनी. आम्ही नावासाठी भांडतो, आणि हा माणूस स्वतःचं नाव लपवतो. (थोडा रागच आला, खरं सांगते.)

विज्ञानकथा लिहिणं शास्त्रज्ञाला शोभत नाही, हा प्रश्न त्यांना बहुधा पडलाच नसावा. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल स्वतःच विज्ञानकादंबऱ्या लिहायचे. शिवाय नारळीकरांच्या कथेत माणसं आपलीच असतात. सोंड डावीकडून उजवीकडे गेलेला गणपती असो, की 'जर-तर'च्या पानिपतात शिरलेले गंगाधरपंत! त्या दुसऱ्या जगात विश्वासरावांना गोळी चाटून जाते, मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा होतो.

हे रेवदंड्यात वाचायला मजा येते. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७४०मध्ये मराठ्यांकडे आला, पानिपताच्या एकवीस वर्षं आधी. तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या, बाहेर समुद्र. गंगाधरपंत इथे उतरले असते तर त्यांना कोणता झेंडा दिसला असता? मी वर बघितलं. तिथे नुसता एक कावळा.

२० मे २०२५ला नारळीकर पुण्यात गेले. त्या दिवशी ऑफिसात डेडलाइन होती. बातमी वाचून मी मेल पाठवत राहिले, याची आजही चुटपुट लागते.

माझी स्वतःची एक कथा तीन वर्षं कम्प्युटरमध्ये पडून आहे. कुणी हसेल म्हणून पाठवली नाही. परतीच्या लाँचवर मी माझी आद्याक्षरं उलटी करून बघितली. नाव जरा विचित्र होतंय, पण चालेल.