एक सिक्सर, दोन जल्लोष!

जामखेडमध्ये मॅचची रात्र आहे. आपल्या घरात केबल, समोरच्या घराच्या गच्चीवर डिशची छत्री. आपल्या टीव्हीवर बोलर अजून धावतोय... आणि समोरून आरोळी येते, "सिक्सर!"

अरेच्चा! चेंडू तर अजून बोलरच्या हातात आहे. यांना आधीच कसं कळलं?

जादूबिदू काही नाही, दोस्ता. मॅच तीच, चॅनेलही तेच. पण दोन्ही घरांत ती वेगवेगळ्या वाटेनं आली. आणि त्यातली एक वाट तर अशी भन्नाट आहे की विचारू नकोस!

आधी वर बघ. खूप वर. विषुववृत्ताच्या बरोब्बर माथ्यावर, जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर टीव्हीचे उपग्रह आहेत. तिथे उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला जवळपास २४ तास लागतात. आणि आपल्या पृथ्वीची गिरकीही तेवढ्याच वेळात पूर्ण होते!

मग काय गंमत होते? तू फुगडी घालतेस किंवा घालतोस ना, तेव्हाचं आठव. झाड फिरतं, भिंत फिरते, ओटा फिरतो. पण जोडीदाराचा चेहरा? तो समोरच्या समोर! तसाच उपग्रह आपल्याला एकाच जागी दिसतो. म्हणून तर छत्री एकदा नीट बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही. डीडी फ्री डिश या छत्रीसेवेचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. त्यामुळे जामखेडमधल्या त्याच्या सगळ्या छत्र्या आग्नेयेकडे तोंड करून बसतात. होकायंत्र घेऊन गच्चीवर जा आणि तपास बरं!

आता ओळख पाहू, छत्रीवर येणारं चित्र अवकाशात किती वेळा जाऊन येतं? एकदा? अंहं. बहुतेक वेळा दोनदा! चॅनेलवाले चित्र उपग्रहाकडे पाठवतात. तिथून ते डीटीएच, म्हणजे थेट घरच्या छत्रीवर चॅनेल देणाऱ्या, कंपनीच्या केंद्रात उतरतं. कंपनी ते पुन्हा वर पाठवते, आपल्या उपग्रहाकडे. मग ते तुझ्या छत्रीत येतं. वर, खाली, वर, खाली! झाले जवळजवळ दीड लाख किलोमीटर. पृथ्वीला साडेतीन प्रदक्षिणा घालण्याइतके!

केबलचं चित्र मात्र सहसा एकदाच वर जाऊन येतं. केबलवाल्यांच्या मोठ्या केंद्रात भल्यामोठ्या छत्र्या असतात. त्या चित्र पकडतात आणि पुढे ते तारांमधून घरोघरी पोचतं.

मग केबलच नेहमी पुढे असणार ना? नाही! इथेच तर खरी गंमत आहे. रेडिओलहरी एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातात. म्हणजे एकदा वर जाऊन खाली यायला लागतो फक्त पाव सेकंद! खरा वेळ जातो घडी घालण्यात. टीव्हीचं चित्र आहे तसं पाठवलं तर ते फार जागा खातं. म्हणून गोधडीसारखी त्याची घट्ट घडी घालतात आणि तुझा सेट टॉप बॉक्स ती उलगडतो. वाटेत कुणी किती वेळा घडी घातली, किती वेळा मोडली, यावर मागेपुढे ठरतं. कुठे केबल जिंकते, तर कुठे छत्री.

ही झाली काही सेकंदांची गोष्ट. पण एकच मालिका तीन तासांच्या अंतरानं दिसली तर?

आपल्याकडे तसं होत नाही. सगळ्या भारताचं घड्याळ एकच! मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी पावणेसातला जामखेडमध्ये अजून ऊन रेंगाळत असतं. आसाममधल्या दिब्रुगडला मात्र तेव्हा अंधार पडलेला असतो. तरी पावणेसातचा कार्यक्रम दोन्हीकडे एकदमच लागतो. आणि ऐक, आपली मुंबईसुद्धा १९५५ पर्यंत स्वतःचं वेगळं घड्याळ पाळायची, भारतीय वेळेच्या ३९ मिनिटं मागे! मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. बरं झालं, तोवर घड्याळं जुळली होती!

अमेरिकेत मात्र न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा कॅलिफोर्नियात पाचच वाजलेले असतात. मुलं अजून मैदानावर! मग आठची मालिका दाखवायची कशी?

उत्तर तुला ठाऊक आहे. लग्नात पंगती कशा उठतात? जेवण तेच, पण पहिली पंगत, मग दुसरी पंगत. तिथली बरीच चॅनेल अगदी तेच करतात. चॅनेलवरून निघणाऱ्या कार्यक्रमांच्या प्रवाहाला म्हणतात फीड. पूर्वेची फीड ही पहिली पंगत. तीच मालिका तीन तासांनी पश्चिमेच्या फीडवर, ही दुसरी पंगत. त्यामुळे न्यू जर्सीतल्या मराठी मुलाची मालिका आठला, आणि कॅलिफोर्नियातल्या त्याच्या मावसबहिणीचीही तिच्या घड्याळात आठलाच! मधल्या शिकागोला पहिल्याच पंगतीत बसवतात. तिथे तेव्हा सात वाजलेले असतात.

तिथले केबलवाले सहसा आपल्या गावाला जुळेल ती एकच फीड देतात. पण पूर्वी तिथे काही घरांच्या अंगणात प्रचंड मोठ्या, फिरत्या छत्र्या असायच्या. छत्री एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे वळवली, की दुसरी फीड हजर! आवडती मालिका एकाच रात्री दोनदा! मला तर हा सगळ्यात मोठा खजिना वाटतो.

थेट मॅचला मात्र दुसरी पंगत नाही! भारताचा संघ मेलबर्नला २६ डिसेंबरची कसोटी खेळतो, तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात आणि जामखेडमध्ये पहाटेचे पाच. पहिला चेंडू बघायचा तर थंडीत पांघरूण सोडायलाच हवं!

आता एक काम तुझ्यासाठी. तुझ्याकडे केबल असेल, तर छत्रीवाल्या मित्राला फोन लाव. दोघांनी एकच चॅनेल लावा. जाहिरात सुरू झाली रे झाली की "आली!" म्हणा. स्टॉपवॉचवर फरक मोजा. पाच-सहा वेळा करा, वेगवेगळ्या चॅनेलवर करा. कोण किती सेकंद पुढे निघालं, ते आम्हाला नक्की कळव!