इंधनटाकी दाब संवेदक
इंधनटाकी दाब संवेदक हा काही पेट्रोल मोटारींत बाष्पगळती ओळखण्यासाठी बसवलेला सेन्सर होय. स्कॅनरवर पी०४५२ (संकेताची पातळी फार कमी) किंवा पी०४५३ (फार जास्त) हा संकेतांक दिसला, तरी दोष तुटलेल्या तारेचा वा गंजलेल्या कनेक्टरचाही असू शकतो. लगेच संवेदक बदलणे हा बहुधा घाईचा खर्च ठरतो. निदानासाठी थंड मोटारीच्या टाकीचे झाकण उघडतात. आतबाहेरचा दाब समान झाल्याने नोंद शून्याजवळ यायला हवी. तशी न आल्यास ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग व संकेताची तार तपासतात. ही निर्दोष आढळल्यावरच संवेदक सदोष मानतात. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या टाकीत बाष्पदाब मुळातच वाढलेला असतो. झाकण उघडताच ज्वालाग्राही वाफ बाहेर पडते. म्हणून ही तपासणी सकाळी, मोकळ्या हवेत करणे इष्ट.