तिमोरच्या समुद्रातली रेघ

१९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या तेलशोधक जहाजाला तेल लागले आणि ‘मुंबई हाय’ हे नाव घरोघरी पोहोचले. त्या तेलावर हक्क कोणाचा, हा प्रश्नच कधी उठला नाही. अरबी समुद्राचा पलीकडचा किनारा फार लांब होता आणि अलीकडच्या किनाऱ्यावर एक स्वतंत्र देश उभा होता. त्याच वर्षी तिमोरच्या समुद्रात ‘ग्रेटर सनराइज’ हे नैसर्गिक वायूचे मोठे क्षेत्र सापडले. तिमोर बेटापासून ते साधारण दीडशे किलोमीटरवर आहे, तर ऑस्ट्रेलियाचे डार्विन बंदर तिथून साडेचारशे किलोमीटरवर. पण पूर्व तिमोर तेव्हा पोर्तुगालची वसाहत होती. त्या वायूवर कोणाचा किती हक्क, हे ठरायला २०१८ साल उजाडले.

तिमोर बेटाचे दोन तुकडे युरोपातल्या दोन सत्तांनी केले. पश्चिमेचा भाग डचांकडे गेला, पूर्वेचा पोर्तुगीजांकडे. १८५९ मध्ये लिस्बनला त्यांच्यात तह झाला आणि उरलेला वाद १९१४ मध्ये हेगच्या लवादाने मिटवला. गोव्याशी या इतिहासाचे थेट नाते आहे. पूर्व तिमोर हा पोर्तुगीजांच्या ‘एस्तादो द इंडिया’चा भाग होता आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चाले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, तिमोर मात्र पारतंत्र्यातच राहिले. जमिनीवरची सीमा अशी परस्पर ठरली, पण समुद्राच्या तळाची वाटणी करण्याची गरज तेव्हा कोणाला वाटली नाही.

ती गरज निर्माण झाली दुसरे महायुद्ध संपल्यावर. सप्टेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी जाहीर केले, की आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीतली संपत्ती अमेरिकेची आहे. एकाने दावा सांगितल्यावर बाकीचे देश थांबणार कसे? ऑस्ट्रेलियाने १९५३ मध्ये तसाच दावा केला आणि १९५८ मध्ये जिनिव्हात त्यासाठी आंतरराष्ट्रीय करारही झाला.

खरा पेच होता तो समोरासमोरच्या दोन किनाऱ्यांचा. मधला समुद्र अरुंद असेल तर तळ वाटायचा कसा? सरळ उत्तर म्हणजे मध्यरेषा: दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची. ऑस्ट्रेलियाने दुसरे उत्तर पुढे केले. ऑस्ट्रेलियाची समुद्रबूड जमीन उत्तरेला दूरवर उथळ पसरली आहे आणि तिमोरच्या अगदी जवळ आल्यावर सुमारे तीन हजार मीटर खोल गर्तेत उतरते. आमचा देश पाण्याखालून या गर्तेपर्यंत जातो, म्हणून सीमाही तिथेच, असे ऑस्ट्रेलियाचे म्हणणे होते. १९६९ मध्ये उत्तर समुद्राच्या खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जमिनीच्या नैसर्गिक विस्ताराला महत्त्व दिले होते, त्यामुळे या युक्तिवादात तेव्हा जोर होता. पश्चिम तिमोरमध्ये डचांच्या जागी आलेल्या इंडोनेशियाने १९७२ मध्ये तो बहुतांशी मान्य केला आणि सीमारेषा मध्यापासून बरीच उत्तरेकडे सरकली. पुढे इंडोनेशियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनीच या व्यवहारात आपला देश पुरता नाडला गेल्याचे बोलून दाखवले.

पोर्तुगालने मात्र सही केली नाही. समुद्राच्या कायद्यासाठी संयुक्त राष्ट्रांची नवी परिषद भरणार होती, तिचे काय होते ते पाहू, असा त्याचा पवित्रा होता. त्यामुळे इंडोनेशियाशी ठरलेली रेषा पूर्व तिमोरसमोर तुटली. हीच ती ‘तिमोर गॅप’. पोर्तुगालने १९७४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला मध्यरेषेपर्यंत तेल शोधण्याचा परवानाही दिला आणि ऑस्ट्रेलियाने निषेध नोंदवला. तिमोरी माणसांचे मत लिस्बनने विचारले नव्हते आणि त्यांच्या हिताची त्याला फार फिकीर होती असेही दिसत नाही. तरीही या चालढकलीमुळे तिमोरवर कायमची वाईट रेषा लादली गेली नाही, हे मान्य करायला हवे.

त्याच १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली आणि वसाहती सोडण्याचे वारे सुरू झाले. इंडोनेशिया पूर्व तिमोर गिळणार याची चिन्हे दिसू लागली. ऑगस्ट १९७५ मध्ये जकार्तातले ऑस्ट्रेलियाचे राजदूत रिचर्ड वूलकॉट यांनी कॅनबेराला तार पाठवली. सीमेतली ही फट बुजवण्याचा व्यवहार पोर्तुगालपेक्षा किंवा स्वतंत्र तिमोरपेक्षा इंडोनेशियाशी सहज जमेल, असे त्यांनी तीत सुचवले होते. २८ नोव्हेंबरला तिमोरच्या फ्रेटिलिन पक्षाने स्वातंत्र्य घोषित केले आणि ७ डिसेंबरला इंडोनेशियाचे सैन्य राजधानी दिलीत उतरले. पुढच्या २४ वर्षांत हिंसाचार, उपासमार आणि रोगराई यांनी किमान १,०२,८०० माणसे गेली, असा तिमोरच्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. पूर्व तिमोरची सारी लोकसंख्या त्या वेळी सात लाखांच्याही आत होती.

हा ताबा संयुक्त राष्ट्रांनी कधीच मान्य केला नाही. ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये तो कायदेशीर मानला, कारण त्याशिवाय समुद्रतळाच्या वाटाघाटी सुरू होऊ शकत नव्हत्या. दहा वर्षे त्या चालल्या. ११ डिसेंबर १९८९ रोजी ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचे अली अलातास यांनी तिमोरच्या समुद्रावरून उडणाऱ्या विमानात करारावर सह्या केल्या आणि शॅम्पेनचे प्याले उंचावले. मधल्या मोठ्या पट्ट्यातले उत्पन्न निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे ठरले. ज्यांच्या किनाऱ्यासमोरचा हा समुद्र, ती माणसे खाली लष्करी राजवटीत जगत होती.

पोर्तुगालने १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले. हेच पोर्तुगाल १९५५ मध्ये दादरा आणि नगर हवेलीसाठी भारताविरुद्ध याच न्यायालयात गेले होते. तेव्हा त्याला वसाहती टिकवायच्या होत्या. आता ते स्वयंनिर्णयाच्या हक्काची बाजू मांडत होते. जून १९९५ मध्ये न्यायालयाने १४ विरुद्ध २ मतांनी सांगितले, की इंडोनेशियाच्या कृत्याचा न्याय केल्याशिवाय हा खटला निकाली काढता येणार नाही आणि इंडोनेशियाने न्यायालयाचा अधिकार मानलेला नाही. स्वयंनिर्णयाचा तिमोरी जनतेचा हक्क न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मान्य केला, पण करार जागच्या जागी राहिला. श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी या निकालाला दीर्घ भिन्नमत जोडले.

३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याचा कौल दिला आणि २० मे २००२ रोजी तिमोर-लेस्ते हा देश जन्माला आला. त्याच्या दोन महिने आधी ऑस्ट्रेलियाने एक पाऊल उचलले: सागरी सीमांच्या वादात आपण आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा बंधनकारक अधिकार मानणार नाही, असे जाहीर केले. यामागचे कारण उघड आहे. कायदा मधल्या काळात बदलला होता. २०० सागरी मैलांच्या आत समुद्रतळाच्या रचनेला महत्त्व नाही, हे १९८५ मध्ये लिबिया आणि माल्टा यांच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले होते. गर्तेचा युक्तिवाद आता टिकणार नव्हता, म्हणून न्यायालयाचा दरवाजाच बंद करण्यात आला.

सार्वमतानंतरच्या हिंसाचारात जळून बेचिराख झालेल्या नव्या देशाला पैसा तातडीने हवा होता. त्याने जे पदरी पडले ते घेतले. संयुक्त पट्ट्यातले ९० टक्के उत्पन्न त्याला मिळाले, पण ग्रेटर सनराइजचा जेमतेम पाचवा हिस्साच त्या पट्ट्यात धरला गेला. २००६ च्या करारात सनराइजचे उत्पन्न निम्मे-निम्मे झाले आणि त्या बदल्यात सीमेचा विषय ५० वर्षे काढायचा नाही अशी अट आली.

मग एक गंभीर आरोप पुढे आला. २००४ मध्ये मदतकार्य म्हणून दिलीतल्या सरकारी कचेरीची दुरुस्ती करताना ऑस्ट्रेलियाच्या गुप्तहेरांनी भिंतींत ऐकण्याची यंत्रे बसवली आणि वाटाघाटींतले तिमोरचे डावपेच ऐकले, असे एका माजी गुप्तचर अधिकाऱ्याचे म्हणणे होते. डिसेंबर २०१३ मध्ये तिमोरच्या वकिलाच्या कॅनबेरातल्या कार्यालयावर धाड पडली. तिमोर आणि त्याचे वकील यांच्या संवादात ढवळाढवळ करू नका, असा आदेश आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाला दिला. पुढे ही माहिती फोडल्याबद्दल त्या माजी अधिकाऱ्याला स्थगित शिक्षा झाली. वकिलावरचा खटला २०२२ मध्ये मागे घेण्यात आला.

न्यायालयाचा दरवाजा बंद असला तरी समुद्राच्या कायद्यात सक्तीच्या सलोख्याची एक तरतूद होती. तोवर ती कोणीच वापरली नव्हती. तिमोरने एप्रिल २०१६ मध्ये ती वापरली. ऑस्ट्रेलियाने त्यासाठी नेमलेल्या सलोखा आयोगाच्या अधिकारालाच आव्हान दिले आणि ते फेटाळले गेले. ६ मार्च २०१८ रोजी न्यूयॉर्कमध्ये नव्या करारावर सह्या झाल्या. समोरासमोरच्या किनाऱ्यांमधली रेषा मध्यावर आली. वायू तिमोरला आणला तर सनराइजच्या सरकारी उत्पन्नातला ७० टक्के आणि डार्विनला नेला तर ८० टक्के हिस्सा तिमोरचा, असे ठरले.

सनराइजचा वायू अजूनही समुद्राखालीच आहे, कारण वाहिनी कुठे न्यायची यावर एकमत व्हायला वर्षे गेली. देशाचा खर्च ज्या बायू-उंदान क्षेत्रावर चालला, त्याचे उत्पादन २०२५ मध्ये थांबले. लॅमिनारिया-कोरॅलिना हे तेलक्षेत्र ऑस्ट्रेलियापेक्षा तिमोरच्या किनाऱ्याला कितीतरी जवळ आहे. तिथले तेल १९९९ पासून उपसले गेले आणि त्याचा महसूल एकट्या ऑस्ट्रेलियाच्या तिजोरीत गेला. मागच्या उत्पन्नाची भरपाई कोणी मागायची नाही, असे २०१८ च्या करारातच लिहिले आहे. तिमोर-लेस्ते आज आशियातल्या गरीब देशांपैकी एक आहे. कायद्याने सक्ती नसली तरी ऑस्ट्रेलियाने लॅमिनारिया-कोरॅलिनाचा पैसा तिमोरला परत द्यायला हवा.