इंटरनेटचे नियम कोण लिहितो? आपल्या मुलांसाठी एक वेगळे शिक्षण

पालघरच्या दोन मुलींची गोष्ट आपल्या भागात अजून अनेकांना आठवत असेल. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे बंद पाळला गेला. त्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्यांना ‘लाइक’ केले. एवढ्यावर दोघींना अटक झाली. लिहिणारी मुलगी आपल्याच समाजातली. तिच्या नातेवाइकाच्या दवाखान्याची तोडफोड झाली. प्रत्येकी १५ हजारांच्या जातमुचलक्यावर दोघी सुटल्या, पुढे त्यांच्यावरचा खटलाही बंद झाला.

ज्या कलमाचा आधार घेतला गेला त्यातले एक होते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ. एखादा मजकूर कुणाला ‘त्रासदायक’ किंवा ‘गैरसोयीचा’ वाटला तरी तीन वर्षांपर्यंत कैद, असे त्यात लिहिलेले होते. आता त्रास कशाला म्हणायचे, हे ठरवणार कोण? ठाण्यातला अंमलदार! हे कलम ज्या दुरुस्तीतून आले ती लोकसभेने डिसेंबर २००८ मध्ये चर्चेविना मंजूर केली. योगायोग असा की त्याच महिन्यात हैदराबादेत संयुक्त राष्ट्रांची इंटरनेट गव्हर्नन्स फोरम ही जागतिक परिषद भरली होती. इंटरनेट कसे चालावे यावर देशोदेशीचे लोक हैदराबादेत बोलत होते आणि दिल्लीत कुणी न बोलता कायदा होत होता.

पालघरच्या अटकेची बातमी वाचून श्रेया सिंघल या २१ वर्षांच्या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या पीठाने कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले. तरीही देशात अनेक ठिकाणी पोलीस त्या मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवतच राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

हे सगळे सांगायचे कारण असे की या विषयाचे आता रीतसर पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि आपल्या घरांत त्याचे नावही क्वचित ऐकू येते. पाम, कोलवडे, कुंभवली या एमआयडीसीला लागून असलेल्या गावांतली मुले पालघरच्या दांडेकर महाविद्यालयात किंवा बोईसरच्या थीम इंजिनिअरिंग कॉलेजात जातात. बारावीनंतर ‘कॉम्प्युटर’ म्हटले की आपल्याला बीएस्सी आयटी नाहीतर कोडिंगचा क्लास आठवतो. इंटरनेट गव्हर्नन्स किंवा डिजिटल पॉलिसी म्हणजे मात्र कोडिंग नव्हे. इंटरनेटवर काय चालेल, काय चालणार नाही आणि ते कुणी ठरवायचे, याचा हा अभ्यास. त्यात कायदा येतो, अर्थशास्त्र येते, थोडे तंत्रज्ञान येते आणि लिखाण तर भरपूर येते.

नियम फक्त सरकार करते असेही नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारले. अफवा मोबाइलवरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाचच का? दोन का नाहीत? हा आकडा संसदेने ठरवला नाही, कंपनीने ठरवला. पुढे एप्रिल २०२० मध्ये आपल्याच जिल्ह्यात गडचिंचले येथे अफवांच्या वातावरणात तिघांचा जीव गेला. अशा वेळी मर्यादा कुठे घालायची आणि लोकांचे खाजगी बोलणे न वाचता अफवा कशी थोपवायची, हेच या अभ्यासक्रमांत शिकवले जाते.

आणि १ जानेवारी २०२२ ची ती सकाळ. नामांकित मुस्लिम महिलांचे फोटो एका अ‍ॅपवर ‘लिलावा’ला लावले गेले. मुंबईच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांमध्ये २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. अ‍ॅप अमेरिकी कंपनीच्या गिटहबवर होते. ते किती तासांत उतरवायचे, कंपनीने कुणाचे ऐकायचे, करणाऱ्याची माहिती दुसऱ्या देशातून कशी मागवायची, या प्रश्नांची उत्तरे ज्यांना येतात त्यांत आपल्या मुली असायला हव्यात, असे मला वाटते. ज्यांच्यावर बेतते त्यांना नियमातली फट आधी दिसते.

आता शिकायचे कुठे? ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी इग्नूचा सायबर कायद्याचा पदव्युत्तर प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. बेंगळुरूची नॅशनल लॉ स्कूल आणि हैदराबादची नालसार या दोन्ही विधी विद्यापीठांचे सायबर कायद्याचे पदव्युत्तर डिप्लोमे दूरशिक्षणाने करता येतात. पूर्णवेळ जायचे तर नॅशनल लॉ स्कूलचा सार्वजनिक धोरणाचा दोन वर्षांचा मास्टर्स २०१४ पासून चालू आहे. त्याला कायद्याचीच पदवी लागते असे नाही. बीए किंवा बीएस्सी झालेलेही प्रवेश परीक्षा देऊ शकतात. परदेशात ऑक्सफर्डची इंटरनेट इन्स्टिट्यूट २००१ पासून हेच काम करते.

पैशांचा प्रश्न टाळून चालणार नाही. पूर्णवेळ शिक्षण लाखांत जाते आणि व्याजाचे कर्ज घ्यायला आपल्याकडे अनेक अब्बांचे मन धजत नाही. परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजनाही २०२२-२३ पासून बंद झाली. ब्रिटनच्या चिवनिंग शिष्यवृत्तीत एका वर्षाच्या मास्टर्सची फी, राहणे आणि विमानभाडे सगळे येते, मात्र आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था निवडलेल्या तरुणांना आपल्या बैठकांना स्वखर्चाने बोलावते. दरवर्षी काही दिवसांची इंडिया स्कूल ऑन इंटरनेट गव्हर्नन्सही भरते. आधी अशा लहान वर्गाला जाऊन विषय मानवतो का ते पाहावे, मगच मोठी फी भरावी.

नोकरी? सुरुवातीचा पगार चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा कमी असू शकतो, विशेषतः संशोधन संस्थांत. हे मुलांना आधीच सांगा. पण काम वाढते आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे, आणि चूक केल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. तारापूरच्या कारखान्यात हजेरीसाठी कामगाराचा अंगठा मशीनवर उमटतो, तोही वैयक्तिक माहितीच आहे. ती किती दिवस ठेवायची, ठेकेदाराला द्यायची का, हे सांगणारा माणूस रुग्णालयांना, शाळांना, कारखान्यांना लागेल.

नुसत्या प्रमाणपत्रावर मात्र भिस्त ठेवू नये. या क्षेत्रात तुम्ही काय लिहिले आहे ते विचारतात. सरकार नव्या नियमांचा मसुदा जाहीर करून हरकती मागवते, त्या कुणीही पाठवू शकतो, त्याला पदवी लागत नाही. घरात कॉलेजला जाणारी मुलगी किंवा मुलगा असेल तर श्रेया सिंघल खटल्याचा निकाल वाचायला द्या. तो इंटरनेटवर मोफत मिळतो. इंग्रजी जड वाटेल, चार बैठका लागतील. त्यात कलम ७९ विषयी जे म्हटले आहे, म्हणजे कंपनीने मजकूर नेमका कुणाच्या आदेशावरून काढायचा, तेवढेच दोन पाने मराठीत लिहून काढायला सांगा आणि रात्रीच्या जेवणानंतर घरात सगळ्यांना वाचून दाखवायला लावा.